दुसऱ्या चेलोची खुर्ची

गुरुवारी संध्याकाळी पावणेसात वाजता मी पाठीवर चेलो, व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जाचं वाद्य, घेऊन तीन जिने चढते. फ्रान्समधल्या क्लेरमों-फेराँच्या जुन्या भागातले जिने काळ्या दगडाचे आहेत. इथलं कॅथेड्रलसुद्धा त्याच दगडाचं, व्होल्विकच्या लाव्हाचं, दुरून पाहिलं तर काजळी धरल्यासारखं. वर दार उघडंच असतं. आत पाच खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, पाच स्टँड, प्रत्येकावर छोटा दिवा. यजमान पंच्याहत्तरीचे. आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं, आता व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य, वाजवतात. पहिली व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई परिचारिका आहेत. रात्रपाळी असली की साडेनऊला उठून थेट कामावर जातात. दुसरी व्हायोलिन त्यांच्या भावाकडे. पहिला चेलो एका सुताराकडे, खिडक्या-दारं करणारा खराखुरा सुतार. आणि दुसरा चेलो माझ्याकडे. सहावी खुर्ची नाही. ऐकायला कुणी येत नाही, आम्ही कुणाला बोलावतही नाही.

नोकरीसाठी मी इथे आले त्याला चौदा वर्षं झाली. टायर बनवणाऱ्या कंपनीत रबराच्या मिश्रणांवर काम करते. चेलो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा छत्तीस वर्षांची होते. शहराच्या संगीतशाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग असतो, तिथे सुरुवात केली. लहानपणापासून शिकलेल्यांचा हात वेगळा असतो. माझं शिकणं उशिराचं आहे आणि त्यामुळे मला फार हळू, फार जपून वाजवावं लागतं. तरीही या गटाकडून बोलावणं आलं, कारण त्यांना आणखी एक चेलो हवा होता. आणि आणखी एक चेलो हवा होता, कारण त्यांना ऑन्सलो वाजवायचा होता.

जॉर्ज ऑन्सलो. नाव इंग्रज, माणूस इथला. २७ जुलै १७८४ रोजी याच गावात जन्मला आणि ३ ऑक्टोबर १८५३ रोजी याच गावात गेला. कार्म दफनभूमीत त्याची कबर आहे, माझ्या ऑफिसपासून चालत काही मिनिटांवर. आठ वर्षं मी त्या भिंतीच्या कडेने डबा खायला बागेत जात होते आणि आत कोण आहे याचा पत्ता नव्हता. ३६ स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचना, आणि ३४ स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांच्या रचना, लिहिणारा माणूस. एके काळी पॅरिसमध्ये लोक त्याला फ्रेंच बेथोवन म्हणत. आज संगीत ऐकणाऱ्या माणसालाही हे नाव सांगितलं तर बहुतेक वेळा तो विचारतो, कोण?

हा इंग्रज घराण्यातला माणूस ओव्हेर्न्यच्या, म्हणजे आमच्या इथल्या, डोंगराळ मुलखात आला कसा, ही त्याच्या वडिलांची गोष्ट आहे. एडवर्ड ऑन्सलो हे एका इंग्रज अर्लचे, म्हणजे सरदाराचे, धाकटे चिरंजीव, संसदेचे सभासद. १७८१ मध्ये समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून लंडनमध्ये त्यांची इतकी बदनामी झाली की त्यांना देश सोडावा लागला. ते इथे येऊन स्थिरावले, दोन वर्षांनी एका जुन्या फ्रेंच सरदार घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांना तुरुंगही पाहावा लागला आणि हद्दपारीही. त्यांच्या थोरल्या मुलाला, जॉर्जला, वडिलांबरोबर फिरावं लागलं, आणि त्या फिरण्यात दुसेक आणि क्रामर या त्या काळच्या नामवंत पियानोवादकांकडे त्याचं शिक्षण झालं. म्हणजे एका घराच्या नामुष्कीतून आणि एका देशाच्या उलथापालथीतून हा मुलगा घडला. पण त्याच्या संगीतात ही धावपळ ऐकू येत नाही, निदान मला तरी नाही. ऐकू येतं ते एक मोठं घर, लांबलेली संध्याकाळ आणि एकमेकांना ओळखणारी चार-पाच माणसं.

कारण त्याची खरी शाळा तीच होती. पियानो शिकून तो ओव्हेर्न्यला परतला. आसपासच्या जमीनदार मंडळींमध्ये काही जण हौसेने वाजवणारे होते, पण चेलो वाजवणारा नव्हता. म्हणून हा चेलो शिकला. गटात ज्याची उणीव ती भरून काढायची, एवढंच कारण. हे वाचलं तेव्हा मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा जवळीक वाटली. ही मंडळी हायडन, मोझार्ट, बोक्केरिनी यांच्या रचना वाजवत. मेह्यूल या फ्रेंच संगीतकाराच्या ‘स्त्रातोनीस’ या ऑपेराची, म्हणजे संगीत नाटकाची, वाद्यांवरची प्रस्तावना ऐकून आपल्यालाही रचना करावीशी वाटली, असं त्याने नंतर सांगितलं आहे. १८०६ मध्ये त्याचं पहिलं काम आलं, तीन क्विंटेट. म्हणजे ज्या मित्रांबरोबर वाजवत होता, त्यांच्यासाठीच. मग १८०८ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने पॅरिसला आंतोन राइखाकडे रीतसर रचनाशास्त्र शिकायला सुरुवात केली. आधी वाजवलं, मग लिहिलं, मग शिकला. क्रम असा उलटा.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि दोन चेलो. ही मांडणी त्याच्या आधी सर्वांत जास्त वापरली ती बोक्केरिनीने, शंभराहून अधिक क्विंटेटमध्ये. क्वार्टेटमध्ये चेलो एकच असतो आणि त्याला बहुतेक वेळ खर्ज सांभाळावा लागतो. गायची इच्छा झाली तरी खालची जागा रिकामी टाकून वर जाता येत नाही. दुसरा चेलो आला की पहिला मोकळा होतो. तो वरच्या सप्तकात जाऊन व्हायोलिनच्या खांद्याला खांदा लावून गातो आणि खाली कुणीतरी उभं आहे याची त्याला खात्री असते. ते खालचं कुणीतरी म्हणजे मी. पहिल्या दिवशी मी घाबरून इतकी हळू वाजवत होते की यजमानांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, ‘तुम्ही वाजवत नसाल तर आम्हाला जमीन कुठे आहे ते कळत नाही.’ तेव्हापासून मी मोठ्याने वाजवते, चुकले तरी.

शुबर्टचं दोन चेलोंचं क्विंटेट आज जगभर वाजतं आणि ते वाजावंच. पण ते १८२८ मध्ये लिहून झालं तरी पहिल्यांदा जाहीर वाजलं १८५० मध्ये आणि छापलं गेलं १८५३ मध्ये, म्हणजे ऑन्सलो गेला त्याच वर्षी. ती पंचवीस वर्षं युरोपातल्या घरांमध्ये कुणी दोन चेलो घेऊन बसलं, तर समोर शुबर्ट नसायचा. बोक्केरिनी असायचा नाहीतर ऑन्सलो.

आता त्या काळच्या पॅरिसमध्ये संगीतकाराचं पोट कशावर भरायचं, हे पाहिल्याशिवाय ऑन्सलोचं वेगळेपण कळत नाही. पैसा आणि नाव ऑपेरात होतं. त्याच्या खालोखाल पियानोच्या करामती आणि दिवाणखान्यात म्हणायची गाणी. क्वार्टेट लिहून कुणाचं घर चालत नव्हतं. त्याच काळातल्या बर्लिओझ या संगीतकाराने चेंबर संगीताला, म्हणजे खोलीत मोजक्या वाद्यांवर वाजवायच्या संगीताला, जवळजवळ हातच लावला नाही. ऑन्सलोचे तीन ऑपेरा पॅरिसच्या रंगमंचावर आले, तेही वाजले-गाजले थोडेफार आणि मावळले. पण तो जमीनदार होता. शेती होती, वाडे होते. आलिए नदीच्या खोऱ्यातल्या शालांद्राच्या वाड्यात तो वर्षाचा मोठा भाग राहायचा आणि हिवाळ्यात, मैफलींच्या मोसमात, पॅरिसला जायचा. रेल्वे इथे आली १८५५ मध्ये, तो गेल्यावर. म्हणजे जवळपास ४०० किलोमीटर घोडागाडीने, लिहिलेल्या वह्या बरोबर घेऊन. उन्हाळ्यात लिहायचं, हिवाळ्यात ऐकवायचं, असं कित्येक वर्षं.

म्हणून मला ‘श्रीमंताची हौस’ असं त्याच्याबद्दल लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं. हौस होतीच. पण ज्या प्रकारच्या संगीताला त्या देशात बाजार नव्हता, ते चाळीस-पंचेचाळीस वर्षं नेटाने लिहायला जमिनीच्या उत्पन्नाचा आधार लागला, हे त्या समाजाबद्दल जास्त सांगतं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती अशा किती जणांनी क्वार्टेट लिहायचा विचार सोडून दिला असेल, ते मोजायला आपल्याकडे काही साधन नाही.

पॅरिसमध्ये हे संगीत ऐकायची एक जागा मात्र होती. व्हायोलिनवादक पिएर बायो याने १८१४ पासून वर्गणीदारांसाठी चेंबर संगीताच्या बैठका सुरू केल्या, त्या पुढे पंचवीसेक वर्षं चालल्या. हायडन, मोझार्ट, बोक्केरिनी, बेथोवन आणि जिवंत फ्रेंच रचनाकारांपैकी ऑन्सलो. मी मुद्दाम बैठक हा शब्द वापरते. मैफल म्हटलं की मंच आणि समोर अंधारात बसलेले लोक डोळ्यांपुढे येतात. इथे ऐकणारे थोडे, जवळ बसलेले, त्यांतले पुष्कळ जण स्वतः वाजवणारे. घरी जाऊन तीच रचना स्वतःच्या हाताने वाजवून पाहायची या इराद्याने ऐकणारे. आपल्याकडे भजनी मंडळात जसं म्हणणारे आणि ऐकणारे वेगळे काढता येत नाहीत, तसं काहीसं.

आणि असा ऐकणारा घरी जाऊन वाजवायला काय विकत घ्यायचा? सगळे सूर एकाखाली एक दाखवणारा स्कोअर सहसा नाहीच. दुकानात मिळायचे सुटे पार्ट. पहिल्या व्हायोलिनची वही वेगळी, व्हायोलाची वेगळी. पॅरिसमध्ये प्लेयेल, लाइपझिगमध्ये ब्राइटकॉफ उंड हेर्टेल अशा मोठ्या प्रकाशकांनी ऑन्सलो छापला; जर्मनीत तर तो फ्रान्सइतकाच, कदाचित थोडा जास्तच, वाजवला जायचा. सुट्या पार्टमुळे एक गोष्ट घडते ती मी दर गुरुवारी अनुभवते. माझ्यासमोर फक्त माझी ओळ असते. बाकीचे काय करणार आहेत हे कागदावर दिसत नाही, ते ऐकावंच लागतं. माझ्या पार्टमध्ये अकरा मात्रा विश्रांती लिहिलेली असते, आणि त्या अकरा मात्रांत खोलीत काय होणार हे मला पहिल्यांदा वाजवताना ठाऊक नसतं. ऑन्सलो हे जाणून लिहितो. एखादं वाक्य तो व्हायोलात सुरू करतो, दुसऱ्या व्हायोलिनकडे देतो आणि शेवटचे चार स्वर अचानक माझ्याकडे येऊन पडतात. प्रेक्षागृहातल्या माणसाला ही एक सलग धून वाटेल. खुर्चीत बसलेल्याला ती हातोहात आलेली वस्तू असते. त्याच्या संगीताचं मोल कळायला हे क्विंटेट ध्वनिमुद्रणावर ऐकणं पुरत नाही, असं मी आता ठामपणे म्हणते. ध्वनिमुद्रणं चांगली आहेत, जरूर ऐका. पण त्यात तुम्ही दाराबाहेर उभ्या असता.

खासगी घरांची आणखी एक अडचण होती: गावात पाच माणसं जमायची, पण नेमकी हवी ती पाच नाही. याबद्दल एक प्रसिद्ध गोष्ट सांगतात. एकदा लंडनमध्ये ऑन्सलोचं क्विंटेट वाजवायचं ठरलं आणि दुसरा चेलोवादक आलाच नाही. तिथे द्रागोनेत्ती होता, त्या काळचा सर्वांत मोठा डबल बासवादक. डबल बास म्हणजे चेलोहूनही मोठं, आणखी खालच्या सुराचं वाद्य. कुणीतरी सुचवलं, हा पार्ट त्याला वाजवू द्या. ऑन्सलो तयार नव्हता. एवढं मोठं वाद्य बाकीच्या चौघांना गिळून टाकेल अशी त्याला भीती. शेवटी नाइलाजाने हो म्हणाला, आणि ऐकल्यावर इतका खूश झाला की पुढच्या क्विंटेटना त्याने डबल बाससाठी पर्यायी पार्ट दिला. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण पार्ट खरे आहेत, मी पाहिले आहेत. दुसऱ्या चेलोऐवजी डबल बास चालेल, पहिल्या चेलोऐवजी दुसरा व्हायोला चालेल. प्रकाशकाला हे सोयीचंच, जास्त घरांत खप होणार. पण मला त्यात ऑन्सलोचा स्वभावही दिसतो. ज्याने गटात चेलो नाही म्हणून चेलो शिकून घेतला, तो माणूस कुणाच्याही घरात पाचवा माणूस कमी पडू नये याची तजवीज करणारच.

मात्र त्या काळच्या पाच खुर्च्यांत मी नसते. बाईने पियानो वाजवावा, हार्प वाजवावी, गावं. व्हायोलिन फारशी शोभत नाही आणि चेलो तर नाहीच. त्या काळी चेलोला खाली जमिनीवर टेकवायची दांडी सर्रास नसे. वाद्य दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरायचं. त्यामुळे बाईने असं बसणं हेच त्या समाजाला असभ्य वाटे. ऑन्सलोच्या क्विंटेटच्या संध्याकाळी घरातल्या बायका खोलीत असणार, पण गोलाच्या बाहेर. राइखाकडे शिकलेली लुईझ फारांक पियानो-क्विंटेट लिहून आत येऊ शकली, कारण तिचं वाद्य पियानो होतं.

पॅरिसमध्ये जन्मलेली लीझ क्रिस्त्यानी मात्र चेलो घेऊन बाहेर पडली. १८४५ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिने जाहीर वादन सुरू केलं. लाइपझिगला मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराने तिला साथ केली आणि चेलो-पियानोची एक छोटी, शब्दांविना गाणं अशी रचना तिला अर्पण केली. तिच्याकडे स्ट्राडिव्हारी या नामांकित वाद्यकारागिराने बनवलेला १७०० सालचा चेलो होता, तो आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. तो घेऊन ती पार सायबेरियापर्यंत गेली. परतीच्या वाटेवर, दक्षिण रशियात नोव्होचेर्कास्कला, तिला कॉलरा झाला आणि ती गेली. २४ ऑक्टोबर १८५३. ऑन्सलोनंतर तीन आठवड्यांनी. दोघांचा काहीही संबंध नाही. पण मी त्या दोन तारखा माझ्या पार्टच्या मागच्या कोऱ्या पानावर एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते क्विंटेट. क्रमांक १५, ओपस (रचनाक्रमांक) ३८, सी मायनर. मायनर म्हणजे उदास छटेची स्वरपट्टी, मेजर म्हणजे उजळ. फ्रेंचमध्ये याला ‘द ला बाल’ म्हणतात, गोळीचं क्विंटेट.

१८२९ मध्ये ऑन्सलो रानडुकरांच्या शिकारीला गेला होता. गोष्ट अशी सांगितली जाते की त्याला काहीतरी सुचलं, ते वहीत टिपायला तो बाजूला जाऊन बसला आणि नेमका बंदुकीच्या टप्प्यात आला. गोळी कानाजवळून आत शिरून मानेत रुतली. ती काढता आली नाही. जीव वाचला, पण एका कानाचं ऐकणं कायमचं मंदावलं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, ऐकण्यावर जगणारा माणूस. याच वर्षी त्याचे वडीलही गेले. आणि या आजारपणातून त्याने पाच वाद्यांचं एक क्विंटेट केलं, ज्यात भागांच्या डोक्यावर इटालियनमध्ये शब्द छापलेले आहेत.

मिन्यूएट हा एरवी तीन मात्रांचा दरबारी नाच. इथे त्याच्यावर लिहिलंय ‘वेदना’. मिन्यूएटच्या मधल्या भागावर, जिथे सगळे रचनाकार जरा विसावा देतात, तिथे लिहिलंय ‘ताप आणि भ्रम’. संथ भागावर ‘उतार पडणं’. आणि शेवटच्या भागावर ‘बरं होणं’.

आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते शब्द जरा बटबटीत वाटले होते. संगीताला अशी पाटी कशाला? वाजवून झाल्यावर मत बदललं. कारण पाटी काढली तरी मिन्यूएटमध्ये काहीतरी बिनसलेलं आहे हे हातांना कळतं. तीन मात्रांचा ठेका पायांना माहीत असतो, पण इथे तो इतका जलद आणि इतका ताणलेला की नाचायला जागाच नाही. दुखणं घेऊन पडलेला माणूस घड्याळाचा ठोका मोजतो, तशी मी मात्रा मोजत होते. मग मधला भाग येतो. आपल्याकडे ताप डोक्यात गेला की वात झाला म्हणतात, माणूस बरळतो, ओळखीची माणसं ओळखत नाही. तसं. सूर ओळखीचे असतात, पण ते ज्या सुरांशेजारी येतात ती संगत ओळखीची नसते.

संथ भागाची लय आम्हाला दोन महिने सापडत नव्हती. भावाचं म्हणणं, जरा चालतं घ्या. सुताराचं म्हणणं, याहून हळू. एका गुरुवारी पहिली व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंनी गज खाली ठेवला आणि म्हणाल्या की आपण सगळे हे दुःखाचं गाणं असल्यासारखं वाजवतोय, पण हा माणूस पलंगावरून उठलाय. मोठं आजारपण झालेला माणूस पहिल्यांदा चालतो तेव्हा तो हळू चालतो, कारण त्याचं पूर्ण लक्ष पावलावर असतं. तो दुःखी नसतो. भिंतीला हात लावून दारापर्यंत जातो, तिथे थांबतो, आणि स्वतःवरच खूश होतो. त्यांनी हे पंचवीस वर्षं वॉर्डात रोज पाहिलंय. मग त्यांनी सूर धरला, तोच, तेवढ्याच संथपणे, पण प्रत्येक स्वरावर थोडं वजन देऊन. आम्ही चौघं मागून निघालो. त्या दिवसापासून लयीची चर्चा झाली नाही.

यात मी काय करते? जवळजवळ काही नाही. खाली लांब स्वर धरते. भिंत म्हणा.

ऑन्सलोचं सगळं असंच आहे असं मी म्हणणार नाही. सत्तर क्वार्टेट-क्विंटेटमध्ये काही ठिकाणी हात सवयीने चालतो. शेवटचे भाग पुष्कळदा नुसते पळतात, पहिल्या व्हायोलिनला घाम फुटतो आणि बाकीच्यांना ‘टुक टुक टुक’ करत बसावं लागतं. मेजरमधल्या रचनांपेक्षा मायनरमधल्या मला कितीतरी जास्त भावतात. आणि एक बाब मला सुरुवातीला खटकली होती: बेथोवनचे शेवटचे क्वार्टेट त्याला अजिबात पटले नव्हते, ते त्याला आजारी प्रतिभेचे भास वाटले, आणि त्याने तसं उघड सांगितलं. ज्याला फ्रेंच बेथोवन म्हणत त्यानेच! पण आता मला त्याची अडचण समजते. ते क्वार्टेट गुरुवारी संध्याकाळी जमणाऱ्या मित्रांसाठी नाहीतच. आमच्या गटाने एकदा त्यांतलं ओपस १३१ उघडलं होतं, अर्ध्या तासाने आदराने मिटलं. ते वाजवायला वर्षानुवर्षं एकत्र राहून तेच करणारी चार माणसं लागतात. त्यांना वर्गणी लागते, सभागृह लागतं, गप्प बसून ऐकणारे लोक लागतात.

आणि नेमकं तेच येत होतं. १८४२ मध्ये केरुबिनी या संगीतकाराच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या जागेवर ऑन्सलो फ्रेंच कला अकादमीवर निवडला गेला, सगळा मानमरातब मिळाला. त्याच वर्षी बायो वारला. १८५०च्या सुमारास पॅरिसमध्ये मोरँ आणि शव्हियार या वादकांनी बेथोवनच्या शेवटच्या क्वार्टेटसाठी म्हणून खास मंडळ काढलं. व्यावसायिक वादक मंचावर, बाकीचे समोर. घरात संगीत राहिलं, पण ते पियानोवर. चार माणसं जमवायची कटकट नाही, एकटीने बसून वाजवता येतं. हौशी चेलोवादक जमीनदार म्हातारे झाले, त्यांच्या मुलांनी वाद्यं माळ्यावर टाकली. ऑन्सलो वाईट ठरला म्हणून मागे पडला असं मला कुठे सापडलं नाही. ज्या खोलीसाठी तो लिहीत होता ती खोलीच नाहीशी झाली. १८५५ मध्ये अकादमीत संगीतकार हालेव्हीने त्याच्यावर आदरांजलीचं भाषण केलं, ते वाचताना वाटतं की दोनच वर्षांत तो जुन्या काळातला माणूस झाला होता.

गेल्या काही दशकांत तो पुन्हा वाजू लागला आहे. ध्वनिमुद्रणं निघाली, जुने छापील पार्ट स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळतात. आम्ही तेच छापून वाजवतो. मूळ प्रतींवर कुणाकुणाच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच स्कॅनमध्ये आल्यात. माझ्या पार्टवर एका कठीण जागी कुणीतरी बोटांचे आकडे लिहिलेत, ४-२-१. मी ते वापरते. माझ्या शिक्षकांनी वेगळे सांगितले होते, पण हे सोपे पडतात.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सुताराच्या डाव्या हाताच्या तर्जनीला पटाशी लागली. टाके पडले, महिनाभर तरी तारेवर बोट दाबता येणार नाही. यजमानांनी दोन दिवस फोनाफोनी केली आणि संगीतशाळेतली एक एकोणीस वर्षांची मुलगी सापडली. डबल बास वाजवते. चेलो नाही. यजमान फोनवर मला म्हणाले, ‘द्रागोनेत्ती मिळालाय.’ त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला लगेच पुढचं सुचलं नाही. मग सुचलं. डबल बास आला तर तो माझ्या जागी बसणार. आणि सुताराची खुर्ची रिकामी.

सुतार स्वतः त्याचा पार्ट घेऊन माझ्याकडे आला, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. स्वयंपाकघराच्या टेबलावर आम्ही पानं पसरली. संथ भागातली माझी जागा त्याने दाखवली, वर, ए तारेवर, जिथे माझं बोट अजून नीट पोचत नाही. तो म्हणाला, घाई करू नकोस, खाली बास आहे. तेव्हापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास त्याच आठ ओळी वाजवते आहे. उद्या गुरुवार. बास तीन जिने चढवायला मदत लागेल, म्हणून मी साडेसहालाच जाणार आहे.